परत मोजा, सिस्टर

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला, की माझं काम जवळ आलं असं मी समजते. शेतातून जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या गाड्या इतक्या उंच भरलेल्या असतात, की दोन्ही बाजूंच्या फांद्या त्यांना जाता जाता ओरबाडतात आणि काट्याकाट्यावर पांढरे पुंजके अडकून राहतात. सकाळच्या उन्हात ती झाडं म्हातारी झाल्यासारखी दिसतात. दुपारी वारा सुटला की पुंजके रस्त्यावर उतरतात, गाडीच्या काचेवर येतात, चहाच्या टपरीवरच्या पाण्याच्या टाकीत पडतात. काल बोरीला चहा प्यायला थांबले, तर कपात एक धागा तरंगत होता. टपरीवाल्यानं तो बोटानं काढला आणि कप तसाच पुढे केला. मीही तसाच प्यायले. या दिवसांत इकडे कुणी कापसाला कचरा म्हणत नाही.

मी जिंतूरला निघाले होते ते हॉल बघायला. गेली काही वर्षं मी प्रशिक्षणं भरवते. उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, ठाण्यातले जमादार यांना एकत्र बसवायचं आणि घरात मार खाणारी, छळ सोसणारी बाई समोर आली तर काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, ते शिकवायचं. माझं डोकं याद्यांनी चालतं. सतरंज्या, फळा, माईक, दोन वेळचा चहा, पिण्याचं पाणी, तेही तहान लागल्यावर नाही तर आधी. घरी यावरून माझी थट्टा होते. "तुझ्या याद्यांची एकदा यादी कर," असं आमच्या घरातले म्हणतात. मी केलेली आहे, पण त्यांना दाखवत नाही.

काही वर्षांपूर्वीचा एक हंगाम मात्र कुठल्याच यादीत बसला नाही. म्हणूनच कदाचित तो दरवर्षी बाभळींवरून खाली उतरून माझ्यासमोर येतो.

आमचं प्रशिक्षण त्या वर्षी एका मंगल कार्यालयात होतं. तालुक्याच्या गावी पंखे, लाइट आणि स्वयंपाकघर हे तिन्ही एका ठिकाणी तिथंच सापडतं. तुळशीचं लग्न लागलं, की आपल्या तारखा लोकांच्या लग्नांच्या फटीत बसवाव्या लागतात, एवढीच अडचण. आम्ही पोहोचलो तेव्हा आदल्या दिवशीचं लग्न पुरतं आवरलेलं नव्हतं. कोपऱ्यात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या झाडून ठेवलेल्या, खुर्च्यांना अजून पांढरी कापडं चढवलेली आणि स्टेजमागच्या लाल पडद्यावर थर्माकोलची सोनेरी अक्षरं: नवऱ्या मुलाचं नाव, नवऱ्या मुलीचं नाव आणि मध्ये एक मोठा बदाम.

मी मॅनेजरला म्हटलं, "हे काढता येईल का?"

"राहू द्या की मॅडम. परवाच्या नवरीचं नाव बी तेच हाय. नुसता नवरदेव बदलायचा हाय."

हॉलभर हशा पिकला. शेवटी त्या बदामाखाली उभी राहून मी कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावून सांगितला.

त्याआधी ओळखी झाल्या. आपल्याकडे चार बायका एकत्र आल्या, की ओळख कशी होते हे मी सांगायला नको. नाव नंतर, गाव नंतर, आधी माहेर. मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला, तर कुणाचं लक्षच नव्हतं. मागून प्रश्न आला, "मॅडम, माहेर कुठलं?" मी म्हटलं, "चुडावा." लगेच दुसरी उठली. "स्टेशनाकडचे का गावातले? माझी नणंद दिलेली हाय चुडाव्याला." मग तिच्या नणंदेचं घर कुठल्या गल्लीत, आमचं घर कुठल्या गल्लीत, मधली विहीर अजून आहे का, यात माझा वेळापत्रकातला पहिला तास संपला. पण खरं सांगते, मला ते आवडलं. चुडाव्याचा प्लॅटफॉर्म, हिवाळ्यात त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, रुळांवर कान ठेवून गाडी ऐकणाऱ्या आम्ही पोरी, हे सगळं त्या एका प्रश्नानं हॉलमध्ये आलं. त्या क्षणापासून मी कुणाची मॅडम राहिले नाही, कुणाच्या तरी नणंदेच्या गल्लीतली झाले.

दुपारी आम्ही सराव घेतला. एकीनं त्रासातली बाई व्हायचं, दुसरीनं सिस्टर. प्रत्येक सिस्टरनं खुर्ची पुढे ओढली, पाण्याचा ग्लास दिला आणि प्रेमानं विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" एकीनंही चुकवलं नाही. त्यात काही वावगं असेल, असं हॉलमधल्या कुणालाच वाटलं नाही. इतक्या मायेनं विचारलेल्या प्रश्नात काय वावगं असणार?

त्यांच्यात शोभा सिस्टर होती. हे तिचं खरं नाव नाही. या लेखातली कुणाचीच नावं खरी नाहीत आणि गावाचं नावही मी सांगणार नाही. बोरीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. शोभा सिस्टर म्हणजे कामाला वाघीण. उपकेंद्राच्या दारात तुळस, भिंतीवर लसीकरणाचे वार खडूनं ठळक लिहिलेले, बोलणं मोठ्यानं आणि हसणं त्याहून मोठ्यानं. प्रशिक्षणाची पहिली फेरी संपवून ती गावी परतली ती जोमातच. आता एखादी बाई आली, की तिला मी वाऱ्यावर सोडत नाही, असं जाताना सगळ्यांना सांगून गेली.

आणि बाई आली.

तिला मी उषा म्हणते. पहिलटकरीण, पाचवा महिना. वेचणी ऐन भरात होती, त्यामुळे शेतातूनच सरळ उपकेंद्रात आलेली. कापूस वेचणाऱ्या बाया तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिल्या असतील. साडीवर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट, कमरेला झोळी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी असतात. उघड्या हातानं वेचलं तर संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत ओरखडे उठतात, म्हणून शर्ट. मनगटं तरीही राहतातच. त्या दिवसांत उपकेंद्रातल्या बाकावर बसलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर काहीतरी असतंच आणि विचारलं तर प्रत्येकीचं उत्तर एकच, "येचताना लागलं." कुणाचं वेचताना लागलेलं आणि कुणाचं नाही, हे त्या महिन्यांत कळायला मार्ग नसतो. हंगामच सगळ्यांना एकसारखं करून टाकतो.

उषा बाकावर बसताना कण्हली. शोभानं ते बरोबर टिपलं, तिला बाजूला घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं. उषा हळूहळू बोलली. नवरा मारतो. आता पोटाला हात लावून सांगते, तरी मारतो. मग शोभानं सवयीनं पुढचं विचारलं, "माहेर कुठलं?"

ते शोभाचंही माहेर निघालं.

पुढचं मला कळलं ते महिन्यानं, दुसऱ्या फेरीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर उन्हाला बसलो होतो. शोभाच्या उपकेंद्रातल्या आशाताई गयाबाई घरून तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडून घेऊन आल्या होत्या. डबा फिरत होता, सालांचा ढीग वाढत होता. शोभा एकटीच शेंग सोलत नव्हती. हातात धरून नुसती बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, मी चांगल्यासाठीच केलं हो. माझ्या गावची लेक निघाली. मग मी गप कशी बसू? तिच्या भावाला फोन लावला. म्हणलं, दादा, तुमची बहीण अशी अशी हाय, येऊन बघा."

"मग?"

"आला की. दोन चुलते घेऊन जीपनं आला. बैठक बसली. सरपंचाचा भाऊ होता, पाहुणे होते. पाहुण्यांना टॉवेल-टोपी झाली, जेवणं झाली." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "बैठकीच्या भाकरी तिनंच थापल्या, मॅडम."

शेंगांचा डबा फिरायचा थांबला.

"अन् ठरलं काय?"

"दोघांनी समजून घ्यायचं ठरलं. जाताना भाऊ तिला म्हणला, आता पुन्हा आमाला बोलावणं यायला नको. पाहुणे गेले अन् रात्री... आता सासू रस्त्यात मला बघून तोंड फिरवती. म्हणती, सिस्टर, तुमाला सुई टोचायला ठेवलंय, आमच्या घराला न्हाई. अन् ती यायचीच बंद झालीय. तपासायला बी न्हाई, गोळ्याला बी न्हाई. गयाबाई घरी गेली, तर सासू दारातूनच म्हणती, रानात गेलीय."

गयाबाईंनी मान हलवली. "तीनदा गेले. तीनदा रानातच."

आमच्या मागे पवार जमादार उभे होते. रुबाबदार मिशा, पोट सुटलेलं, मनानं चांगला माणूस. ते म्हणाले, "पण सिस्टर, बैठक झाली म्हणजे मिटलं की. आमी बी ठाण्यात तेच करतो. दोघांना समोरासमोर बसवतो, चहा पाजतो, मिटवून टाकतो."

मी त्यांना म्हटलं, "जमादार, एक सांगा. तुमच्या ठाण्यात तुम्हाला काय काय त्रास आहे, ते उद्या तुमच्या साहेबांना समोर बसवून मोकळेपणानं सांगाल?"

"साहेबासमोर?" ते हसले. "मला काय येड लागलंय?"

"चहा पाजते मी दोघांना."

बायका फिस्सकन हसल्या. जमादारही हसले, पण त्यांचं हसू मध्येच कुठंतरी अडकलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "साहेबाचं घर येगळं हाय," ते हळूच म्हणाले. "हिला तर पुन्हा त्याच घरात निजायचं असतंय." मग शेंगा घ्यायला वाकले.

त्या दुपारचा माझा विषय वेगळा होता. तो मी बाजूला ठेवला. आम्ही फक्त त्या एका प्रश्नावर बोललो. माहेर विचारताना आपण नेमकं काय विचारतो? तू कुणाची, हे विचारतो. एकदा ती कुणाची हे कळलं, की आपले हात आपोआप त्या मालकाकडे वळतात. भाऊ, बाप, चुलते. ज्यांची ती आहे, त्यांच्या स्वाधीन तिचं दुखणं करून आपण मोकळे होतो. तिला काय हवंय, हे विचारायचं राहूनच जातं. ज्या मुलीला माहेरचा आधार असतो, तिच्या बाबतीतही आधी तिचीच परवानगी लागते. हे प्रशिक्षणाच्या पुस्तकात छापलेलं होतं, मी ते पहिल्या फेरीत वाचूनही दाखवलं होतं: बाईच्या संमतीशिवाय तिची माहिती कुणालाही द्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण भावाला 'कुणालाही'मध्ये कोण धरतं? भाऊ म्हणजे तर घरचाच.

आता प्रश्न कायद्याचा नव्हता, पुस्तकाचाही नव्हता. पोटुशी बाई मार खात होती आणि तिच्यासाठी उघडं असलेलं एकमेव दार आम्हीच प्रेमानं लावून टाकलं होतं. ती पुन्हा उपकेंद्रात येईल का, एवढंच आता महत्त्वाचं होतं.

दोन-तीन दिवसांनी मी उपकेंद्र बघायला गेले. काही अडलं, की मी जागा बघते. माणसं समजायला वेळ लागतो, जागा लगेच समजते. व्हरांड्यात लांब बाक होता. त्याच्या टोकाशी, उजेड चांगला म्हणून, दारातच टेबल आणि त्यावर बीपीचं मशीन. बाई बसायची, शेजारी सासू बसायची, समोर तंबाखू मळत गावातले दोघं-तिघं उभे असायचे. मी बघत होते तेवढ्यात एक बाई शेतातून आली. शोभानं शर्टावरूनच पट्टा गुंडाळला आणि हवा भरली.

मी विचारलं, "बाही वर करून मोजायचं असतं ना?"

"असतं हो. पण भाईर पुरुष असतेत. साडीवरचा शर्ट कसा काढायला लावू? बाही घट्ट असती, वर सरकत न्हाई."

मग दोघींची नजर एकदमच आतल्या खोलीकडे गेली. त्या खोलीत खोकी, मोडक्या खुर्च्या, जुनी पोस्टरं आणि एक पलंग होता. दाराला कडी होती.

त्या दुपारी आम्ही दोघींनी आणि गयाबाईंनी मिळून ती खोली रिकामी केली. मला असल्या कामात फार समाधान मिळतं. खोकी मागच्या पडवीत, खुर्च्या भंगारात, खिडकीला गयाबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा. भिंतीत एक खिळा ठोकला, शर्ट अडकवायला. टेबल आत, मशीन आत. दुसऱ्या दिवसापासून नियम एकच: बीपी बाही वर करूनच मोजायचा, म्हणून एका वेळी एकच बाई आत आणि दार बंद. प्रत्येक बाईचा. अगदी सरपंचीणबाईंचासुद्धा.

पहिल्याच दिवशी एका सासूबाईंनी विचारलं, "कामून बाई, आत काय बीपी येगळा भरतो का?"

शोभा म्हणाली, "शर्ट काढाय लावते मावशी. चांगलं दिसतंय का भाईर, चारचौघांत? तुमचा मोजू का हितंच?"

"अगं बया, नगं नगं." त्या पदर सावरत बाकावर सरकल्या. पुढे त्याच सगळ्यांना सांगायला लागल्या, की नवी पद्धत चांगली हाय, अब्रूची हाय. ज्या लाजेनं इतकी वर्षं बायकांची तोंडं बंद ठेवली होती, तिनं पहिल्यांदाच त्यांच्यासाठी एक दार लावून दिलं.

हे उषाला सांगायचं कसं? घरी जाण्यात अर्थ नव्हता. गयाबाई रानात गेल्या. तिथं त्यांनी काय केलं, हे मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलंय, कारण मला ते फार आवडतं. उषाच्या सासरचं शेत ओढ्याच्या काठावर. उषा मधल्या ओळीत वेचत होती, सासू बांधावर गाठोडं बांधत होती. गयाबाई उषाच्या शेजारच्या ओळीला लागल्या आणि वेचायला लागल्या. बोंडाला बोट लावायचं, कापूस चिमटीत धरायचा, झोळीत टाकायचा. दोघींच्या मध्ये कापसाच्या पऱ्हाटीची एक रांग. घरचं काही विचारलं नाही. नवऱ्याचं नाही, भावाचं नाही, बैठकीचं नाही. ओळीच्या शेवटी पोहोचल्यावर पऱ्हाटीकडेच बघत म्हणाल्या, "सिस्टरनी मशीन आत ठेवलंय. दार लावतेत. कुणाचीच सासू आत येत न्हाई. लागलं तर ये, न्हाई तर राहू दे." आणि झोळीतला कापूस बांधावर सासूच्या गाठोड्यात रिकामा करून निघून आल्या. सासूला वाटलं, आशाताई मदत करायला आली.

मग काहीच झालं नाही. दिवस गेले. सकाळी धुकं पडायला लागलं, ज्वारी पोटरीत आली, जिनिंगपुढच्या गाड्यांची रांग लांबत गेली. मी परभणीत माझ्या पुढच्या प्रशिक्षणांच्या याद्या करत होते आणि प्रत्येक यादीच्या खाली, का कोण जाणे, पेन उगाच टेकवून ठेवत होते.

एका दुपारी शोभाचा फोन आला. मी मेथी निवडत होते. ती मोठ्यानं बोलणारी बाई, पण त्या दिवशी इतकं हळू बोलत होती, की मी मेथीचं ताट बाजूला ठेवून गॅलरीत गेले.

"आली होती, मॅडम."

उषा सासूबरोबर आली होती. सासू बाकावर बसली. शोभानं तिला आत घेतलं, दार लावलं. उषानं शर्ट काढून खिळ्याला अडकवला. दंडावर काय होतं, ते शोभानं मला सांगितलं, मी लिहीत नाही. ते वेचताना लागलेलं नव्हतं. शोभानं पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली. शोभा मला म्हणाली, "मॅडम, माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या. एक बी बोलले न्हाई. फक्त म्हणलं, त्या वेळी तुला न विचारता सांगितलं. आता तू म्हणशील तेवढंच."

शोभा पट्टा सोडायला लागली.

तेव्हा उषा म्हणाली, "परत मोजा, सिस्टर."

"बरोबर आलाय गं बीपी."

"परत मोजा."

शोभानं परत पट्टा बांधला. बाहेरून सासूनं हाक मारली, "झालं का न्हाई?" शोभा आतून ओरडली, "वर-खाली दाखवतंय मावशी, परत मोजायलेय!" रबरी फुगा फस्स फस्स वाजत राहिला आणि त्या आवाजाच्या आडून उषा बोलायला लागली. शोभा हवा भरत होती, सोडत होती, पुन्हा भरत होती. किती वेळा, हे तिनं मोजलं नाही. शेवटी उषा म्हणाली, "भावाला काय बी कळवू नका. मला कुठं जायचंय, ते मी सांगते. तुमी फक्त तिथवर न्या."

आणि तिनं सांगितलं. ते तिचं माहेर नव्हतं.

पुढची कामं माझ्या आवडीची होती, म्हणजे ओळीनं करायची. कायद्यानं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटणं, डॉक्टरांकडून तपासणी, ती जिथं जाणार होती तिथल्या माणसांशी बोलणं. प्रत्येक गोष्ट आधी तिला विचारून. तिला निरोप पोचवायला एकच जागा होती, ती खोली. म्हणून पुढच्या तपासण्यांमध्ये तिचा बीपी नेहमीच वर-खाली दाखवत राहिला आणि सासू काळजीनं तिला स्वतःच घेऊन येत राहिली. एकदा तर म्हणाली, "सिस्टर, गोळी द्या हो चांगली. पोरगी सुकत चाललीय." शोभाला तेव्हा तिचा राग येण्याऐवजी कसंसंच झालं. त्या बाईच्या दंडाकडे तिच्या तरुणपणी कुणी पाहिलं होतं का, कोण जाणे.

ती गेली तो दिवस शेवटच्या वेचणीचा होता. दिवसाढवळ्या गेली. उपकेंद्रापुढे संरक्षण अधिकाऱ्यांची गाडी येऊन थांबली होती. आवाज चढले, माणसं जमली, नवरा शेतातून पळत आला. पवार जमादार तिथं होते. त्यांनी नवऱ्याला एका टोकाला नेलं आणि उषाला त्याच्यासमोर अजिबात आणलं नाही. कुणीतरी म्हणालं, दोघांना समोरासमोर बसवा, मिटवा. जमादार म्हणाले, "चहा तुमी घ्या. तिला विचारलंय, तिला न्हाई बसायचं." एवढंच. उषा मागच्या दारानं, पडवीतून, खोक्यांच्या बाजूनं गाडीत बसली.

संध्याकाळी शोभानं खोली झाडली, तेव्हा खिळ्याला शर्ट तसाच लटकत होता. निळा, फुल बाह्यांचा, छातीवर कापसाचे धागे चिकटलेले. विसरला असेल असं शोभाला आधी वाटलं. मग वाटलं, नसेल विसरला. तिनं तो घडी करून सासूकडे पाठवून दिला.

उषाला मुलगी झाली. त्या दोघी कुठं आहेत, उषा काय काम करते, मुलगी कुठल्या वर्गात आहे, हे मला माहीत आहे. परवाच तिचा फोन आला होता. बोलता बोलता तिनं मला विचारलं, "मॅडम, कापूस लागला का तिकडं बाभळींना?" मी म्हटलं, "लागला." तिच्या आवाजात काय होतं ते मला नीट ओळखता आलं नाही. आठवण असावी. माणूस जे सोडून येतो त्यातही त्याचा एक हंगाम राहिलेला असतो.

त्यानंतर 'परत मोजा' हे वाक्य त्या गावातल्या बायकांमध्ये फिरलं. शोभानं कुणाला सांगितलं नव्हतं, गयाबाईंनीही नाही. तरी एक दिवस दुसरीच एक बाई पट्टा सोडताना हळूच तसं म्हणाली. मग शेजारच्या गावची एक. आता मी ते छापायला देते आहे, याचा अर्थ उघड आहे. ते वाक्य आता चालत नाही, बदललं आहे. नवं कुठलं, ते ज्यांना लागतं त्यांना माहीत आहे.

परवापासून नवीन बॅच सुरू होतेय. हॉल तोच, मंगल कार्यालय तेच, पडद्यावरचा बदामही तोच. या वेळी शिकवायला माझ्याबरोबर शोभा आहे. काल तालीम म्हणून आम्ही दोन नव्या सिस्टरना बोलावलं होतं. त्यातली एक खुर्चीत बसता बसता मला म्हणाली, "मॅडम, माहेर कुठलं तुमचं?" शोभा आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. मी सांगितलं, चुडावा. का सांगू नये? मला कुणी मारत नाही. नंतर शोभानं त्यांना सगळं शांतपणे सांगितलं, पट्टा कसा बांधायचा, दार कधी लावायचं, आपण कधी गप्प राहायचं.

ती नवी मुलगी हुशार होती. तिनं वहीतून मान वर केली. "पण सिस्टर, बीपी पहिल्यांदाच बरोबर आला असला, अन् बाई म्हणली परत मोजा, तर?"

बाहेर कापसाची एक गाडी घरघरत गेली. उघड्या खिडकीतून एक पुंजका आत आला आणि तिच्या वहीवर बसला. शोभानं तो उचलला, बोटांत चोळला.

"तरी मोजायचा," ती म्हणाली. "ती उठूस्तोवर मोजायचा."